कवळीची गस्त

२ फेब्रुवारी

आत्या,

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की गस्तीचा निर्णय वरून आला आणि मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं नाही हे खरं आहे, पण ते एवढंच लिहून मी तुला फसवलं. विचारायची गरजच नव्हती. तो बग, म्हणजे खेळातली ती चूक, मीच नोंदवली होती.

आता नीट क्रमाने सांगते. आमचं ऑफिस 'तटबंदी' पुन्हा नव्याने काढतंय हे तुला माहीत आहे. तोच खेळ, तेच नकाशे, तेच लाकूड-दगड-धान्य, फक्त चित्रं स्वच्छ आणि आवाज नवे. माझं काम म्हणजे जुन्या खेळाचे नियम लिहिलेला मूळ कागद एका बाजूला आणि नवा खेळ दुसऱ्या बाजूला ठेवायचा आणि कुठे फरक दिसला की लिहायचं. कागदाच्या एकेचाळिसाव्या पानावर एक ओळ आहे : गस्तीवरच्या शिपायाने शत्रू दिसताच त्याचा पाठलाग करावा. आणि खेळात, जुन्यातही आणि नव्यातही, गस्तीवरचा शिपाई पाठलाग करत नाही. दोन खुणांच्या मधे येरझाऱ्या घालतो, जवळ येईल त्याला हाणतो आणि पुन्हा आपल्या वाटेला लागतो. शत्रू पळाला तर पळू देतो.

हे मला कोणी सांगायला नको होतं. मी साडेपाच वर्षांची असल्यापासून ते पाहत आले आहे. तुझा अख्खा खेळ त्यावर उभा आहे. तुझ्या दरवाजाशी बारा शिपाई गस्त घालायचे, समोरचा त्यांना बाहेर ओढायला एकेक घोडेस्वार पाठवायचा, आणि तुझे शिपाई त्याच्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत.

मी ती ओळ वाचली आणि जवळजवळ तासभर तशीच बसले. नाही नोंदवलं तर कोणाला कळणार नव्हतं. पण मग मी ते आत्याची चाल म्हणून सोडलं असतं. असं केल्यावर उद्या दुसरा बग नोंदवताना माझा हात स्वच्छ कसा राहणार? म्हणून नोंदवला. दोन दिवसांत त्यांनी दुरुस्त केला. आता गस्तीवरचे शिपाई पाठलाग करतात. प्रमुख बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वीस वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, या मुलीने एका पानात पकडलं." मी हसले. ते हसणंही मला खुपतंय.

आणखी एक. परवा जुन्या नावाजलेल्या खेळाडूंची यादी काढत होते. उद्‌घाटनाच्या दिवशी त्यांचे सामने ठेवायचे आहेत. बाई म्हणाल्या, "ते कवळी या नावाने खेळणारे कोणी आजोबा होते ना, तीन वर्षं लागोपाठ जिंकलेले? हयात आहेत का ते?" मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत बसले. ते आधीच लागलेलं होतं.

शिक्षा तू ठरव. पण पत्रानेच कळव. फोनवर मी सगळं गोड करून सांगते, हे तूच मला सांगितलं आहेस.

तुझी,
मोजपट्टी


८ फेब्रुवारी

मोजपट्टी,

आजोबा! त्रेपन्नाव्या वर्षी तुमच्या ऑफिसने मला आजोबा करून टाकलं. दादाला वाचून दाखवलं तर तुझा बाप इतका हसला की त्याच्या हातातला चहा माझ्या दातांच्या साच्यांवर सांडला. तीन साचे पुन्हा ओतावे लागले. हिशोब तुझ्या नावावर.

शिक्षा कसली आलीये? कागदात एक आणि खेळात दुसरं दिसलं, तू लिहिलंस. मी तुला आणखी काय शिकवलं होतं? शाबास म्हणते आणि विषय संपवते.

तुमचं आमंत्रण आलंय, खेळाच्या जुन्या खात्यावर 'कवळी' याच नावाने, पंधरा मार्चच्या सामन्याचं. नव्या खेळाची चाचणीची प्रतही आली आहे. उघडून बघायला वेळ मात्र झालेला नाही. हाताखालची मुलगी रजेवर, डॉक्टर लोकांच्या ऑर्डरी तुंबलेल्या, मेणाचा नवा डबा निघाला तो ठिसूळ. तू तुझं काम कर, जेवण वेळेवर कर आणि त्या पायाचे व्यायाम बुडवू नकोस.

तुझी,
आत्या


१६ फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. चारही वेळा ते फार लहान वाटलं.

मी एक चूक केली आहे, ती आधी सांगते. चाचणीत कोण किती डाव खेळलं याच्या नोंदी आमच्याकडे येतात. त्या चाळणं माझं काम आहे, पण एकेका खेळाडूचं नाव घालून शोधणं माझं काम नाही. बुधवारी मी एक नाव घालून शोधलं.

चौदा डाव. चौदाही हरलीस.

आणि तू लिहितेस, उघडून बघायला वेळ नाही! शेवटचे सहा डाव तर मंगळवारी दुपारी, लॅबच्या वेळेत, एकामागून एक. हीच तू, जी मला सातचा पाढा न अडखळता म्हटल्याशिवाय माऊसला हात लावू देत नव्हतीस.

मी त्यातला एक डाव पाहिला. एकच, शपथ. तू नेहमीसारखे बारा शिपाई दरवाजाशी लावलेस. समोरच्याने एक घोडेस्वार पाठवला. बाराच्या बारा त्याच्यामागे धावत जंगलात गेले, आणि उघड्या दरवाजातून त्याचं सैन्य चालत आत आलं. चालत, आत्या. घाई करण्याचीही त्याला गरज वाटली नाही. तू मग कामकऱ्यांना कुऱ्हाडी घेऊन उभं केलंस. ते बघून मी स्क्रीन बंद केला आणि जिन्यात जाऊन बसले.

माझ्या पायाच्या शस्त्रक्रिया चालू होत्या तेव्हा मला शाळेत पाठवता येत नव्हतं, म्हणून बाबा वाचायला शिकवायचे, आई विज्ञान शिकवायची आणि गणित तुझ्याकडे होतं. आणि गणित म्हणजे 'तटबंदी'. चाळीस लाकडाला एक घर, एका घरात पाच माणसं, तर तेवीस माणसांना किती लाकूड? "थांबून हिशोब करायला मिळणार नाही," तू म्हणायचीस. "इथे तुझी पाळी, माझी पाळी असं नसतं. तू विचार करतेस तेवढ्यात समोरचा भिंत चढतो." मी आज जे काही पटकन आणि नीट करू शकते ते तिथून आलंय. आणि त्याच कसबाने मी तुझे बारा शिपाई जंगलात पाठवले.

मी ठरवलं आहे. येत्या आठवड्यात बाईंकडे जाते आणि सांगते की माझी नोंद चुकली होती, मागे घेते. कारण काय सांगायचं तेवढं सुचत नाहीये. तू सुचव.

तुझी,
मोजपट्टी


२२ फेब्रुवारी

मोजपट्टी,

मागे घेशील तर खबरदार.

आधी हे वाच आणि मगच पुढचं. तुझी नोंद चुकलेली नव्हती. चूक नसताना चूक म्हणायचं आणि तेही माझ्यासाठी? मग मी तुला साडेपाचव्या वर्षापासून काय भुसा शिकवला? हे पत्र पोचायच्या आत गेली असशील तर परत जा आणि मागे घेतलेलं पुन्हा दे.

आता माझी कबुली. हो, खेळले. चौदा नाही, आता एकोणीस झाले. एकोणीसही हरले. तुला लिहिलं नाही कारण तू असंच काहीतरी करायला निघशील हे मला ठाऊक होतं. आणि थोडी लाजही वाटली. विसाव्या मिनिटाला उघडा दरवाजा बघायची सवय नाही मला.

तू एक गोष्ट विसरली आहेस, किंवा तुला ती कधी नीट सांगितलीच नाही. ती चाल मी शोधून काढलेली नाही. लॅबमध्ये प्लास्टरची धूळ उडते, ती माऊसमध्ये गेली आणि उजवं बटण बसलं ते बसलंच. हल्ला करायचा तर उजवं बटण लागतं. माझ्याकडे ते नव्हतं. कीबोर्डवरून एकच हुकूम देता यायचा, गस्त. म्हणून मी सगळ्यांना गस्तीवर लावलं. दादा म्हणायचा, "नवा माऊस आण." मी म्हणायचे, "जिंकतेय तोवर कशाला?" तू तर चौदाव्या वर्षापर्यंत समजत होतीस की उजवं बटण बोट टेकवायला दिलेलं असतं. नंतर कळलं, पण ते न दाबायची सवय गेली नाही. कामाच्या पहिल्या दिवशी तुमच्या बाईंनी तुला विचारलं होतं ना, "तुझं उजवं बटण सुट्टीवर आहे का?" तेव्हा मी फोनवर हसले, पण मनातून फुलले होते.

आता नीट ऐक, कारण हे माझ्या कामातलं आहे आणि तुझ्याही उपयोगाचं आहे.

माझ्याकडे एक क्लॅरिनेटवाले येत असत. बँडमध्ये वाजवायचे. अठरा वर्षं एकच कवळी. ती कोणीतरी वाकडी केलेली, वरचे दात खालच्यांवर तिरके बसायचे. ती तुटली तेव्हा डॉक्टरांनी माझ्याकडे नवी करायला दिली. मी पुस्तकात असते तशी केली. सरळ, सुरेख, मला स्वतःलाच कौतुक वाटलं. आठ दिवसांनी ते आले, टेबलावर कवळी ठेवली आणि म्हणाले, "बाई, दात छान आहेत. पण माझी क्लॅरिनेट मुकी झाली." अठरा वर्षं त्यांचा जबडा त्या तिरकेपणाशी जुळवून घेत आला होता. त्यांची फुंकर त्यावर बसली होती. मी जुनी तुटकी कवळी जोडली, तिचा साचा घेतला आणि नवी तशीच केली, तिरकी. आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलं : दात तिरके बसतात, हे मला माहीत आहे, जुन्याप्रमाणे मुद्दाम ठेवले आहेत. डॉक्टरांनी फोन करून विचारलं, "हे काय?" म्हटलं, "त्यांना समोर बसवा आणि वाजवायला सांगा."

तेव्हा चुकीला बरोबर म्हणायचं नाही. चूक आहे असं लिहायचं, आणि ती का ठेवायची तेही लिहायचं. तू अर्धंच लिहिलंस. कागद काय म्हणतो ते पाहिलंस. वीस वर्षं लोक काय खेळत आले ते पाहिलंस का? मी एकटीच असेन तर सोडून दे, मी पंधरा तारखेला हरेन आणि घरी येऊन आमटी करेन. पण मी एकटी नसेन तर तुझं काम अर्धवट राहिलंय, आणि ते मला चालणार नाही.

एक सांगते. हे सगळं मांडशील तेव्हा कवळी कोण हे सांगायचं काही कारण नाही. गस्तीचं बोल. आजोबांना राहू दे आजोबा. नोकरी नवी आहे तुझी.

तुझी,
आत्या


४ मार्च

आत्या,

तुझं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी मी बाईंच्या दारापर्यंत गेले होते. आत त्या फोनवर होत्या, म्हणून परत आले. मोठं काही ठरवून थांबले असं समजू नकोस.

पण त्यानंतर मी काम केलं, ते सांगते.

जुन्या डावांच्या ४१२ नोंदी आमच्याकडे आहेत. सगळ्या पाहायला वेळ नव्हता आणि आवडत्या निवडायच्या नव्हत्या, म्हणून दर दहावी घेतली. एकेचाळीस झाल्या. जेवणाच्या सुट्टीत बसून, वेग वाढवून पाहिल्या, आठवडाभर. (जेवले. डबा मांडीवर ठेवून.) त्यातल्या पाच तुझ्या निघाल्या. त्या वगळल्या, म्हणजे कोणी बोट दाखवायला नको. उरल्या छत्तीस. त्यांतल्या पंचवीस डावांत लोकांनी दरवाजा राखायला गस्त लावली आहे. पंचवीसपैकी एकाही डावात एकही शिपाई दरवाजा सोडून गेलेला नाही. मी प्रत्येक शिपाई मोजला.

आता जे सांगते ते उभं राहून वाचू नकोस.

खेळताना लोक एकमेकांना बाजूच्या पट्टीत दोन-चार शब्द लिहितात, तेही त्या नोंदींत असतं. एकवीस नंबरच्या डावात एकाने दरवाजाशी शिपाई लावले आणि जोडीदाराला लिहिलं, 'कवळी लाव.' मला वाटलं चुकून दिसलं. सव्विसाव्यात पुन्हा : 'डावीकडे कवळी, उजवीकडे घोडे.' तेहतिसाव्यात एक जण दुसऱ्याला शिकवतोय : 'हिला कवळीची गस्त म्हणतात. घाबरू नको, ते जागचे हलत नाहीत.' नऊ डावांत, आत्या. तू खेळणं सोडल्यानंतर सहा सहा वर्षांनी. वेगवेगळ्या भागांतले लोक, ज्यांनी तुला कधी पाहिलं नाही, जे तुला आजोबा समजतात, ते तुझ्या नावाने दरवाजा राखत होते. आणि तू लॅबमध्ये बसून दुसऱ्यांच्या कवळ्यांचे दात घासत होतीस.

मी खुर्चीवरून उठले आणि खिडकीपाशी गेले. शेजारचा चित्रवाला म्हणाला, "काय झालं? रडतेस की हसतेस?" म्हटलं, "मोजतेय."

एक गोष्ट आपल्या विरुद्ध जाते, तीही सांगते. बाईंची परवानगी घेऊन मी गस्तीचा तो भाग मूळ ज्याने लिहिला त्या प्रोग्रामरला पत्र पाठवलं. ते आता निवृत्त आहेत. उत्तर दोन ओळींचं आलं : 'शिपायांनी पाठलाग करायचाच होता. वेळ संपला, राहून गेलं.' म्हणजे ती चूकच आहे. कोणाची हुशारी नाही, कोणाचा विचार नाही. मी क्षणभर तो कागद उलटा ठेवला. मग सरळ केला. पुराव्यांत तो मी सगळ्यात आधी वाचून दाखवणार आहे, माझे डाव त्यानंतर.

माझी नवी नोंद अशी आहे : गस्तीवरचे शिपाई पाठलाग करत नाहीत. हा बग आहे. तो वीस वर्षांत लोकांचा खेळ झाला आहे, पंचवीस डाव जोडले आहेत. म्हणून शिपायांची जुनी वागणूक मुद्दाम ठेवावी, आणि मुद्दाम ठेवली आहे हे कागदात लिहावं. एकेचाळिसाव्या पानावर, त्या ओळीखाली.

आता जिथे मी तुझं ऐकणार नाही ते.

कवळी कोण हे मी सांगणार आहे, सुरुवातीलाच. तू म्हणतेस सांगायचं कारण नाही. कारण आहे. माझ्या आत्याचा सामना पंधरा तारखेला आहे आणि तिला जिंकवणारा नियम मी मागतेय. हे ऐकणाऱ्याला माहीत नसेल तर माझे पंचवीस डाव पंचवीस नाहीत. बाई मला या कामावरून काढतील, हे शक्य आहे. आमच्याकडे असं झालेलं आहे. स्वतःच्या भावाने केलेला खेळ तपासणाऱ्या एकाला दुसऱ्या खोलीत पाठवलं होतं आणि तो अजून तिथे जाहिरातींच्या जागा तपासतोय. मला त्या खोलीभर जाहिरातींचं भय वाटतं, खोटं कशाला सांगू. पण मला काढलं तरी मोजलेलं मोजलेलंच राहील. दुसरा कोणी येऊन तेच छत्तीस डाव पाहू शकेल, नंबर लिहून ठेवले आहेत.

आणखी एक कारण आहे, आणि ते सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. त्या दिवशी बाईंनी विचारलं, ते आजोबा हयात आहेत का, आणि मी बाटलीचं झाकण फिरवत बसले. नोकरीची भीती होती हे खरं, पण तेवढंच नव्हतं. मला सांगायचं होतं आणि सांगायला तोंड उघडलं नाही. ती माझी आत्या आहे, ती दातांच्या कवळ्या करते, तिने मला सात वर्षं शिकवलं, असं एवढ्या माणसांसमोर म्हणायला छाती लागते, ती त्या दिवशी माझ्याकडे नव्हती. आता आहे. गेल्या आठवड्यात बाबा माझ्याकडे राहून गेले, त्यांना विचार, मी आरशासमोर किती वेळा म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "पोरी, शेजारच्यांना पाठ झालं आता."

मी बैठक मागितली तेव्हा बाई म्हणाल्या, "गस्तीचं एवढं मोठं प्रकरण आहे तर उद्‌घाटन होऊ दे, सतरा तारखेला बघू." मी म्हटलं, "सतराला उशीर होईल, मला त्या आधी हवं." "का?" "ते बैठकीतच सांगते." त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं आणि डायरी उघडली.

तू तुझा सराव चालू ठेव. नियम बदलला नाही तर तुला पाठलाग करणाऱ्या शिपायांनिशीच उतरायचं आहे, आणि तू उतरशील हे मला माहीत आहे.

बैठक सोमवारी ठरली आहे, १० मार्चला, सकाळी दहा वाजता. पहिलं वाक्य माझं आहे : कवळी माझी आत्या आहे.

तुझी,
मोजपट्टी